शास्त्रीय गायनात एम.ए. करावं का? विद्यापीठ, गुरू आणि रियाज

निषाद_नाशिक (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

यंदा माझं बी.कॉम. पूर्ण झालं. गाणं लहानपणापासून नाशिकमध्येच एका गुरुजींकडे चालू आहे, ग्वाल्हेर घराण्याची तालीम. गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारदही झाली. पुढची दोन वर्षं गाण्यालाच द्यायची असं पक्कं ठरवलंय. घरून विरोध नाही, पण बाबांचं म्हणणं, गाणंच करायचं तर रीतसर विद्यापीठातून एम.ए. कर, हाताशी काहीतरी राहील. गुरुजी म्हणतात, खुशाल जा, पण माझ्याकडचं गाणं सुटू देऊ नकोस.

पुणे, मुंबई आणि बडोदा असा विचार चाललाय. एम.ए.ला नक्की शिकवतात काय? ख्याल सगळ्यांना एकत्र बसवून शिकवतात की एकेकाला? तिथे दुसरे गुरू मिळाले तर आधीच्या गायकीचं काय होतं? मंडळाची विशारदनंतरची परीक्षा, अलंकार, केली तर एम.ए. लागतं का? आणि ज्यांनी केलंय त्यांनी दोन वर्षांत गाण्यात काय फरक पडला ते आधी सांगा. माहितीपत्रकं वाचून वाचून थकले, त्यातून हे काहीच कळत नाही.

---

सारंग_दुपारचा

निषाद, वयाने बराच मोठा आहे म्हणून अगं-तुगं करतो. विदर्भात पदव्युत्तर वर्गांना गाणं शिकवून निवृत्त झालो, तेव्हा दोन्ही बाजू पाहिल्या आहेत.

एम.ए.त ढोबळमानाने दोन भाग. एक प्रात्यक्षिक: ठरलेल्या रागांची यादी, त्यातले काही विस्ताराने, म्हणजे विलंबित (संथ) आणि द्रुत (जलद) ख्याल आलाप-तानांसह, आणि बाकीचे ओळखीपुरते, एखाद्या बंदिशीसह. जोडीला धृपद, धमार, तराणा, कुठे ठुमरी-दादरा. परीक्षेत मंचप्रदर्शन आणि मौखिक, असं दोन्ही होतं. दुसरा भाग शास्त्राचा: भरताचं नाट्यशास्त्र, मतंगाची बृहद्देशी, शार्ङ्गदेवाचा संगीतरत्नाकर, व्यंकटमखीचे ७२ मेल, भातखंड्यांचे १० थाट, घराण्यांचा अभ्यास, भातखंडे आणि पलुस्कर अशा दोन्ही स्वरलिपींत बंदिश लिहिणं. नवं शैक्षणिक धोरण आल्यापासून संशोधन पद्धती, प्रकल्प आणि बाहेर जाऊन प्रत्यक्ष काम यांनाही क्रेडिट्स आहेत.

शास्त्राच्या पेपरला नाकं मुरडू नकोस. संगीतरत्नाकर १३व्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने लिहिला गेला, म्हणजे आपल्या दौलताबादेत. भातखंड्यांची हिंदुस्थानी संगीतपद्धती मुळात मराठीत आहे. आपल्याला हे आपल्या भाषेत वाचता येतं, आणि तरी पोरं गाइड पाठ करतात याचं मला फार वाईट वाटत आलंय.

आता तुझा खरा प्रश्न, एकत्र की एकेकाला? गणितच मांडतो. विलंबित एकतालाच्या १२ मात्रा. एका मात्रेला ४ सेकंद धरले तर एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, ४८ सेकंदांचं. तास ५० मिनिटांचा, वर्गात ८ मुलं. म्हणजे एकेकाच्या वाट्याला सहा मिनिटं, जेमतेम सात आवर्तनं. त्यात अस्थायी (बंदिशीचा पहिला भाग) मांडून दोन आलाप करून मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) पकडला की पुढच्याची पाळी. बढत म्हणजे काय, एका स्वरावर थांबून त्याच्या आजूबाजूचं कसं उलगडायचं, हे सहा मिनिटांत कुणालाही शिकवता येत नाही. मीही शिकवू शकत नव्हतो. ज्यांना यायचं ती मुलं संध्याकाळी घरी यायची, तेव्हा कुठे राग पुढे सरकायचा.

म्हणून विद्यापीठाचं नाव बाजूला ठेव आणि प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट विचार: आठवड्यात गुरूसमोर एकटीने बसून गायला मला किती वेळ मिळेल? माहितीपत्रकात याचं उत्तर नसतं. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठून विचार, ते खरं सांगतात.

---

काळी_चार

मी नुकतंच एम.ए. केलं. विभागाचं नाव इथे घेत नाही, कारण चांगलं-वाईट दोन्ही लिहिणार आहे.

सारंगकाकांच्या हिशोबात आणखी एक भर घालते, ती पट्टीची, म्हणजे कुणाचा षड्ज पेटीच्या कोणत्या सुरावर आहे त्याची. आमचे मुख्य गायनाचे सर काळी एकमध्ये गाणारे, आणि आम्ही बहुतेक मुली काळी चारच्या. त्यांचा पंचम तो आमचा षड्ज. सरांनी आमच्या पट्टीत मध्य सप्तकात गायचं म्हटलं की आमच्या मध्यमालाच त्यांचा तार षड्ज येतो आणि आमच्या तार षड्जाला त्यांचा तार पंचम. म्हणजे आम्हाला उत्तरांग दाखवायला त्यांच्या गळ्याला जागाच उरत नाही. मग ते खालच्या सप्तकात गाऊन दाखवतात आणि आम्ही मनात वर उचलून घेतो. जमतं, पण तार सप्तकातला लगाव, तिथे आवाज किती सोडायचा आणि किती धरायचा, हे कानावर पडतच नाही. दुसऱ्या वर्षी एक बाई अतिथी म्हणून यायला लागल्या. त्यांनी आमच्याच पट्टीत तंबोरे लावले आणि पहिल्याच दिवशी केदाराचा तार षड्ज लावून दाखवला. वर्षभर जे समजावून कळत नव्हतं ते तेव्हा कळलं.

तेव्हा मुलींनी आवर्जून पाहावं की विभागात शिकवणाऱ्यांत कुणी स्त्री-कलाकार आहेत का, आणि पट्टीनुसार वेगळे गट करतात का. हे कुणी सांगत नाही.

आता फरक काय पडला ते. मला सगळ्यात जास्त मिळालं ते मौखिक परीक्षेच्या तयारीतून. आमच्या यादीत मारवा, पूरिया आणि सोहनी असे तिन्ही राग होते. तिघांचे स्वर तेच: कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम नाही. परीक्षक सांगतात, "पूरिया गा." दोन मिनिटं झाली की थांबवून, "आता इथूनच मारवा दाखवा." पूरियात तुम्ही गंधार-निषादावर बसलेले असता, मंद्रात रमलेले. तिथून मारव्यात यायचं तर मुक्काम रिषभ आणि धैवतावर न्यायचा, षड्ज लांबवत ठेवायचा, आणि तंबोऱ्यावर षड्ज सतत वाजत असताना तो टाळायचा. लगेच "सोहनी" म्हणाले की तार षड्जाच्या अंगाने सुरुवात, चाल चपळ. हे मी वर्षानुवर्षं वहीत लिहिलं होतं: मारव्याचा वादी (मुख्य स्वर) रिषभ, पूरियाचा गंधार, सोहनीचा धैवत. पण गळ्याने करून दाखवायची वेळ कधी आली नव्हती. त्या तयारीच्या दोन महिन्यांत राग म्हणजे स्वरांची जागा नव्हे तर स्वरांचं वजन, हे अंगात भिनलं.

वाईट बाजू अशी की रागांची यादी लांब होती आणि सत्र छोटं. एखादा राग मुरायला लागला की सत्र संपायचं. मी शेवटी ठरवलं की परीक्षेपुरते सगळे राग करायचे, पण रोजच्या रियाजाला सहा महिने एकच राग ठेवायचा. सकाळचा तोडी आणि संध्याकाळचा पूरिया धनाश्री, बस्स.

---

ठेका_धा

गायक मंडळी तबल्याला विसरतात म्हणून मध्ये पडतो. मी तबलजी आहे, एका विभागात काही वर्षं संगतीला होतो.

विभागात पूर्णवेळ तबला-संगतकार आहे का, हे विचारून मगच प्रवेश घ्यावा. बऱ्याच ठिकाणी नाही. मुलं मोबाइलवरच्या ठेक्यावर दोन वर्षं काढतात. यंत्राचा ठेका सरळ चालतो. लय तसूभरही हलत नाही, तुम्ही समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) चुकलात तरी ते थांबत नाही आणि बरोबर आलात तरी दाद देत नाही. परीक्षेत मंचावर अचानक जिवंत माणूस येतो, तो ठेका भरतो, गाण्याच्या अंगाने लय किंचित खेचतो, आणि मुलं गोंधळतात. रडकुंडीला आलेली मुलं पाहिली आहेत.

निषादताई, तुमचं ग्वाल्हेरचं गाणं आहे म्हणून खास सांगतो. ग्वाल्हेरची विलंबित इतरांच्या मानाने चढी, तिलवाडा, झुमरा, आडा चौताल या तालांत बंदिश अस्थायी-अंतऱ्यासकट नीट मांडायची पद्धत. आजकाल मात्र बहुतेक वर्गांत सगळं अतिविलंबित एकतालात चालतं. तिलवाड्याचा ठेका चढ्या लयीत नीट वाजवणारा तरुण तबलजी शोधावा लागतो. तुम्ही तिलवाडा सोडलात की मुखड्याची ठेवण बदलते, बोल-आलाप बदलतात, हळूहळू अख्खी गायकी बदलते. ते तुम्हाला चालणार असेल तर ठीक, नाहीतर पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की माझ्या बंदिशी ज्या तालात आहेत त्याच तालात गाईन.

---

जुनी_बैठक

मतभेद नोंदवतो. पदवीने गवई होत नाही. केसरबाई केरकर अल्लादिया खाँसाहेबांसमोर वर्षानुवर्षं बसल्या. किशोरीताई आमोणकरांची तालीम घरात, आई मोगूबाईंकडून. यांच्याकडे कुठली एम.ए.? गायकी हा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात उतरण्याचा प्रकार आहे. विद्यापीठात दर सत्राला नवा विषय, नवा शिक्षक, नवी परीक्षा. मुलीला चांगले गुरू आहेत, वय लहान आहे. दोन वर्षं तिथेच रोज चार-पाच तास बसली तर एम.ए.वाल्यांच्या कितीतरी पुढे जाईल. वसतिगृहात राहून, बसने जाऊन-येऊन, असाइनमेंटी लिहून रियाज कधी करणार?

---

सारंग_दुपारचा

जुनी_बैठक, तुमच्या म्हणण्यातलं अर्धं मी वर स्वतःच लिहिलंय, पण उरलेल्या अर्ध्याशी सहमत नाही.

पं. भातखंड्यांनी १९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली आणि १९२६ साली लखनौला संगीताचं मॅरिस कॉलेज निघालं. तिथे प्राचार्य झाले आपले श्रीकृष्ण रातंजनकर, ज्यांना बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर फैयाज खाँसाहेबांची तालीम मिळाली होती. कृष्णराव गिंडे लहान वयातच लखनौला गेले आणि रातंजनकरांच्या घरीच राहून शिकले. चिदानंद नगरकर, दिनकर कायकिणी, एस. सी. आर. भट हेही तिथलेच. म्हणजे महाविद्यालय होतं, परीक्षा होत्या, वह्या होत्या, आणि सकाळ-संध्याकाळ गुरूचा सहवासही होता. गिंडे आणि भट यांनी पुढे मुंबईत शीवच्या वल्लभ संगीतालयात तेच चालू ठेवलं. संस्थेत गायकी उतरत नाही हे म्हणणं इतिहासाला धरून नाही. जिथे शिक्षक स्वतः गवई होता आणि मुलाला घरचं समजत होता, तिथे ती उतरली.

उलट बाजूनेही पाहा. उल्हास कशाळकर नागपूर विद्यापीठात संगीत शिकले आणि मग गजाननबुवा जोशींकडे, राम मराठ्यांकडे बसले. प्रभाताई अत्रे विज्ञान आणि कायद्याच्या पदवीधर, सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकरांची तालीम, आणि पुढे एस.एन.डी.टी.त संगीत विभागप्रमुख. वीणाताई सहस्रबुद्धेही मंचावर गात असतानाच एस.एन.डी.टी.त शिकवत होत्या. यांतल्या कुणालाही कागदामुळे गाणं आलं नाही, आणि कागदामुळे कुणाचं बिघडलंही नाही.

तुमचा शेवटचा मुद्दा मात्र सोळा आणे खरा. बसमध्ये आणि असाइनमेंटमध्ये दिवस जातो. म्हणूनच पुन्हा म्हणतो, वेळ विचारा.

---

मिरज_वेस

अलंकार आणि एम.ए. याबद्दल लिहितो, कारण दरवर्षी कुणीतरी फसतं.

गांधर्व महाविद्यालयाची मुळं १९०१ सालची, लाहोरात पलुस्करबुवांनी लावलेली. मंडळाच्या अलंकार परीक्षेला गाण्याच्या जगात वजन आहे, मंचप्रदर्शनाची तयारी कसून घेतली जाते. नुसतं गाण्याच्या अंगाने विचारलंत तर चांगल्या गुरूकडे केलेलं अलंकार कुठल्याही एम.ए.ला कमी नाही, माझ्या मते काकणभर सरसच. पण मंडळ म्हणजे विद्यापीठ नव्हे. नेट (प्राध्यापकीसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) द्यायची, सहायक प्राध्यापक व्हायचं, पीएच.डी. करायची तर विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी असलेली निर्धोक. "अलंकार एम.ए.च्या बरोबरीचं आहे" असं कुणी तोंडी सांगितलं तर ज्या विद्यापीठात जायचंय त्यांच्याकडून लेखी घ्या.

नेटमध्ये संगीत विषयाचा कोड १६. पहिला पेपर सर्वसाधारण, ५० प्रश्न १०० गुणांचे. दुसरा विषयाचा, १०० प्रश्न २०० गुणांचे. मिळून तीन तास, चुकलेल्याचे गुण कापत नाहीत. सगळे बहुपर्यायी प्रश्न. म्हणजे गाण्याचा प्राध्यापक व्हायच्या परीक्षेत एक स्वरही गावा लागत नाही. मला हे पटत नाही आणि कधी पटणारही नाही, पण दार तेच आहे. तेव्हा शास्त्राचा पेपर सोडू नका. जेआरएफ (संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर संशोधनासाठी सुरुवातीला दरमहा ३७,००० रुपये मिळतात, आणि गाणाऱ्या मुलाला तेवढ्या निश्चिंतीची किंमत फार असते.

दुसरी वाटही आहे, फारशी कुणाला माहीत नसते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांत संगीतासाठी वेगळी तरतूद आहे: पदवीधर असावा, नामवंत गुरूकडे शिकलेला असावा, आकाशवाणी-दूरदर्शनचा 'ए' श्रेणीचा कलाकार असावा आणि विषय शास्त्रासह समजावून सांगता यावा. अशा कलाकाराला नेट-एम.ए.शिवाय सहायक प्राध्यापकपदासाठी अर्ज करता येतो. पण आकाशवाणीची 'ए' श्रेणी तेविसाव्या वर्षी सहसा मिळत नाही. आधी 'बी', मग 'बी हाय', आणि त्यात वर्षं जातात.

---

निषाद_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं. ठेका_धा दादा, तिलवाड्याचं वाचून गुरुजींना दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "हा माणूस बरोबर बोलतोय, विचारून घे."

दोन प्रश्न उरले. बाबा विचारतात, प्राध्यापकी नाही मिळाली तर काय? आणि दुसरा माझा: गुरुजींकडे दर शनिवार-रविवार नाशिकला यायचं आणि आठवडाभर विभागातल्या गुरूंकडे शिकायचं, हे दोघांना चालतं का? कुणी केलंय?

---

वर्गातली_बाजाची_पेटी

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर देते. मी मुंबईत शाळेत संगीत शिकवते.

शाळांमध्ये संगीत शिक्षकांना जागा आहेत, खासगी शाळांत बऱ्यापैकी. पण जाहिरात नीट वाचायची. केंद्रीय विद्यालयात प्राथमिक संगीत शिक्षकासाठी संगीतातली पदवी मागतात. तुझी पदवी बी.कॉम., आणि वर एम.ए. संगीत. अशा वेळी कागदपत्रांच्या छाननीत प्रश्न निघू शकतो. माझ्या एका मैत्रिणीला एका संस्थेने याच कारणावरून दारातून परत पाठवलं, तेव्हा तिच्याकडे एम.ए.त पहिला क्रमांक होता. शाळेत जायचा विचार जरी असेल तरी हे आत्ताच तपास.

मुलांना शिकवणं दुय्यम काम आहे असं मात्र मानू नकोस. सातवीच्या वर्गाला भूप शिकवताना मला स्वतःला भूप आणि देशकार यांतला फरक पुन्हा नव्याने शोधावा लागला. तीस मुलं "सा रे ग प ध" म्हणतायत आणि त्यातली एक मुलगी आपसूक धैवतावर थांबते. तिला का थांबू द्यायचं नाही, हे शास्त्रातले शब्द न वापरता सांगायचं होतं.

आणखी एक. संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती असते, वय १८ ते २५, दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षं, गुरूकडे प्रगत शिक्षणासाठी. तू त्या वयात आहेस. जाहिरातीवर नजर ठेव, अटी वाच, अर्ज कर.

---

रॉटरडॅमकर

परदेशाबद्दल कुणी विचारलं नाही, पण वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. रॉटरडॅमच्या कोडार्ट्समध्ये उत्तर हिंदुस्थानी संगीतात पदवी आणि मास्टर्स करता येतं, पं. हरिप्रसाद चौरसियांनी तिथे शिकवलं आहे. चांगली गोष्ट अशी की तिथे मुख्य विषयाचा धडा एकास एक, हे गृहीतच असतं. पाश्चात्त्य संगीताच्या प्रत्येक कॉन्झर्व्हेटरीत तसंच असतं, पियानो कुणी आठ जणांच्या वर्गात शिकवत नाही. आपल्याकडे मूळ परंपराच समोरासमोर बसण्याची, आणि विद्यापीठात येताना नेमकं तेच मागे राहिलं, ही बोच मला इथे आल्यापासून आहे.

पण खर्च मोठा, आणि आजूबाजूला गाणं ऐकायला मिळत नाही. पुण्यात डिसेंबरात सवाई गंधर्व, त्याखेरीज वर्षभर छोट्या बैठका. ते ऐकणं हेही शिक्षणच आहे. ख्याल शिकायचा असेल तर निषादने देश सोडू नये.

---

काळी_चार

दोन गुरूंबद्दल. मी केलंय, म्हणून लिहिते. चालतं, पण दोघांना एकमेकांबद्दल पहिल्या दिवसापासून माहीत हवं. लपवलंत तर कधीतरी एखाद्या हरकतीतून कळतंच, आणि मग दोन्हीकडे मनं दुखावतात. मी विभागातल्या सरांना सांगितलं होतं की ख्यालाची बैठक गुरुजींची राहील. ते म्हणाले, ठीक आहे, माझ्याकडून धमार आणि तराणे घे, अप्रचलित राग घे. खूप उदारपणे दिलं त्यांनी. सगळेच असे नसतात. प्रवेशाआधी ज्यांच्याकडे शिकायचंय त्यांना एकदा भेट, गाऊन दाखव आणि सरळ विचार. त्यांच्या चेहऱ्यावरून निम्मं कळेल.

पुण्याच्या ललित कला केंद्राच्या नावातच गुरुकुल आहे. बडोद्याची गायनशाळा तर १८८६ पासूनची, मौलाबक्षांनी सयाजीरावांच्या आश्रयाने सुरू केलेली. पण तुला दर शनिवारी नाशिक गाठायचं असेल तर बडोदा जवळजवळ बाद धर. पुणे-नाशिक बसचा प्रवासही सोपा नाही. दर आठवड्याला नको, पंधरा दिवसांनी जा, पण दोन पूर्ण दिवस तिथेच राहा. धावतपळत घेतलेली एक तासाची तालीम रस्त्यातच विसरली जाते.

---

जुनी_बैठक

सारंगराव, रातंजनकर-गिंडे यांचं उदाहरण मान्य. ते शिष्य गुरूच्या घरी राहिले म्हणून जमलं, हे तुम्हीच लिहिलंय, तेव्हा आपलं भांडण मुळात फारसं नाहीच. निषाद, जाणार असशील तर एक गोष्ट ऐक: पहाटेचा खर्ज (मंद्र सप्तकातला रियाज) सोडू नकोस. वसतिगृहात जागेची अडचण येईल. अनेक विभाग सकाळी लवकर खोली उघडून देतात, फक्त आधी शिपायाशी आणि मग विभागप्रमुखांशी बोलावं लागतं. आणि कोलकात्याची संगीत रिसर्च अकादमीही डोळ्याआड करू नकोस. तिथे पदवी मिळत नाही, पण निवड झाली तर गुरूच्या आवारातच राहायला मिळतं. मला विचारशील तर कागद नको असणाऱ्यासाठी याहून चांगली जागा देशात नाही.

---

निषाद_नाशिक

ठरलं. पुणे आणि मुंबई दोन्हीकडे अर्ज करते, आणि अर्जाआधी दोन्हीकडे जाऊन दुसऱ्या वर्षाच्या मुलींना भेटते. एकटीने किती वेळ, तबलजी कोण, स्त्री-गुरू आहेत का, आणि तिलवाडा गाऊ देतील का, एवढंच विचारायचंय. अलंकारही गुरुजींकडे सोबतच सुरू ठेवणार. बाबांना यूजीसीचा नियम दाखवला, ते आता मलाच नेटचा अभ्यासक्रम विचारतायत.

शेवटचं: प्रवेशाच्या चाचणीत कोणता राग गाऊ? वेळ बहुधा दहा-पंधरा मिनिटं.

---

सारंग_दुपारचा

अवघड राग घेऊन जाऊ नकोस. परीक्षकांना तुझी यादी ऐकायची नसते. सूर लागतो का, लय धरता येते का आणि गुरूने काय घडवलंय, एवढं त्यांना दहा मिनिटांत पाहायचं असतं. यमन, भूप, बिहाग यांपैकी ज्याची तालीम सगळ्यात जास्त झाली तो. चाचणी सकाळी असेल तर आयोजकांनी वेगळं सांगितलं नाही तर अल्हैया बिलावल घे, ग्वाल्हेरवाल्यांना तो हमखास येतो. विलंबित मांडताना अंतरा गाळू नकोस, हल्ली मुलं गाळतात आणि आम्हाला ते खटकतं. मौखिकात "याच्या जवळचा राग कोणता" असं विचारतीलच, त्याचं उत्तर बोलून नको देऊस, गाऊन दे.

---

ठेका_धा

आणि तंबोरा स्वतः लाव. तिथे लावलेला मिळाला तरी एकदा चारही तारा छेडून बघ, बेसूर वाटला तर न लाजता सांग की मला दोन मिनिटं हवीत. तबलजीला बसायच्या आधीच ताल, लय आणि मुखडा कुठल्या मात्रेवरून उठतो ते सांगून टाक. चाचणीला त्या दिवशी मीच असलो तर तिलवाडा म्हण, मी वाजवीन.